गाळात उरलेले बंदर

14 एप्रिल 1944 च्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज पेटले आणि चारच्या सुमारास फुटले. त्याच्या पोटात सुमारे 1400 टन स्फोटके होती. त्यांच्यासोबत कराचीला चढवलेल्या कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे, गंधक, लाकूड आणि राळही होती. शेकडो माणसे गेली, आजूबाजूची जहाजे बुडाली, मांडवी-मस्जिद बंदरकडची गोदामे कित्येक दिवस धुमसत राहिली. त्याच जहाजावर सोनेही होते. प्रत्येकी सुमारे 12.7 किलोच्या विटा स्फोटाने उडून शहरभर आणि गोदीत पडल्या. पुढे अनेक वर्षे गोदीतला गाळ उपसताना त्यातल्या काही विटा हाती लागत राहिल्या.

सोन्याचा हिशेब ठेवला गेला, कारण ते सोने होते. त्याच दुपारी जळालेल्या कापसाची काजळी, सांडलेले तेल आणि वितळलेली राळ त्याच पाण्यात गेली. ती कोणी मोजली नाही. बंदराच्या तळाशी मात्र सोने आणि काजळी दोघांनाही सारखीच जागा मिळाली.

बंदराचा गाळ म्हणजे वाळू नव्हे. मुंबई बंदरात उल्हास नदीचे आणि ठाण्याच्या, पनवेलच्या खाड्यांचे पाणी येते आणि त्याबरोबर अतिशय बारीक चिकणमाती येते. तिचा कण डोळ्यांना दिसत नाही, पण असे असंख्य कण मिळून जो पृष्ठभाग तयार होतो तो प्रचंड असतो. तेलातली आणि काजळीतली संयुगे पाण्यात विरघळायला तयार नसतात. ती या कणांना आणि त्यांच्यावरच्या सेंद्रिय थराला चिकटतात व कणांबरोबर तळाशी बसतात. गाळाच्या वरच्या काही मिलिमीटरखाली प्राणवायू जवळजवळ नसतो. जे जिवाणू ही संयुगे चटकन फोडू शकले असते, त्यांचे काम तिथे मंदावते. उघड्यावर सांडलेले तेल काही आठवड्यांत बरेचसे उडून किंवा विघटित होऊन जाते. गाळात शिरलेला त्याचा जड भाग दशकानुदशके राहतो.

या जड भागातच पीएएच, म्हणजे बहुचक्रीय अरोमॅटिक हायड्रोकार्बन येतात. कार्बनची कडी एकमेकांना जोडून बनलेली ही संयुगे आहेत. कच्च्या तेलात ती असतात. पण लाकूड, कोळसा, डिझेल किंवा कचरा अर्धवट जळाला की चार, पाच, सहा कड्यांची जास्त घातक संयुगे तयार होतात. त्यातले बेन्झो(ए)पायरीन आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या निश्चित कारणांच्या यादीत आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलात वापरली जाणारी पीसीबी ही क्लोरीनयुक्त संयुगेही त्याच गटात आहेत.

मुंबई बंदरात हे सारे कसे साचले, याचा इतिहास म्हणजे बंदराच्या धंद्याचाच इतिहास.

गोद्यांच्या आधी इथे कोळीवाडे होते. माझगाव, शिवडी, माहूल, तुर्भे, पलीकडे घारापुरी, मोरा, करंजा. खाडीच्या भरती-ओहोटीवर त्यांचे घड्याळ चाले. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात बायका चिंबोऱ्यांची बिळे हेरत, खडकावरची कालवे फोडत, शिवल्या वेचत. पाग टाकून बोय मिळे, गळाला शिंगाळा लागे, जिताडा सापडला तर त्या दिवसाचे सोने व्हायचे. तळाशी सपाट पडून राहणारा लेपा आणि चिखलावर उड्या मारणारी निवटी हे दोन्ही मासे या खाडीचे जुने रहिवासी. यांतल्या बहुतेक जिवांत एक गोष्ट समान आहे: ते गाळावर, गाळात किंवा गाळातले किडे खाऊन जगतात.

1736 च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि जहाजबांधणी सुरू झाली. 1750 साली इथे आशियातली पहिली सुकी गोदी बांधली गेली. 1817 मध्ये इथेच बांधलेले ‘ट्रिन्कोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगते आहे. लाकडी जहाजाच्या फटी बुजवायला डांबर आणि राळ उकळावी लागे, तळाला तांब्याचे पत्रे ठोकावे लागत. बंदराच्या तळाशी माणसाच्या कारखानदारीचा पहिला पातळ थर इथून सुरू झाला असे मानायला हरकत नाही. तो फार मोठा नव्हता. खाडीला तो पचला.

कोळसा आला आणि प्रमाण बदलले. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. 1860 च्या दशकात शहरातले रस्ते कोळशाच्या गॅसवर उजळले. कोळसा तापवून गॅस काढला की मागे काळा, चिकट कोलतार उरतो आणि तो पीएएचने गच्च भरलेला असतो. त्याच कोलतारातून क्रिओसोट काढत. लाकूड कुजू नये, वाळवी लागू नये म्हणून रेल्वेच्या स्लीपरना आणि धक्क्याच्या खांबांना ते पाजले जाई. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि शिडांची जहाजे मागे पडून धुराची जहाजे बंदरात गर्दी करू लागली. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1875 मध्ये ससून गोदी, 1880 मध्ये प्रिन्सेस गोदी, 1888 मध्ये व्हिक्टोरिया, 1914 मध्ये अलेक्झांड्रा (आजची इंदिरा गोदी). लकडी बंदर, कोळसा बंदर, टँक बंदर, पावडर बंदर: पूर्व किनाऱ्यावर माझगाव ते शिवडी चालत गेले, की कुठे काय उतरत होते ते आजही कळते.

या बंदराचे एक टोक मराठवाड्यातल्या लासूर स्टेशनसारख्या गावांत होते. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग 1900 च्या सुमारास मनमाडपर्यंत पूर्ण झाला आणि शिवना नदीच्या काठच्या लासूरला स्टेशन आले. स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली, मूळ गावाहून तिचे वेगळे नाव झाले आणि आज कांद्याच्या बाजारभावांच्या यादीत ‘लासूर स्टेशन’ असाच उल्लेख येतो. निजामाच्या मुलखातला कापूस या मार्गाने मनमाडला जाई. तिथे मीटरगेजच्या डब्यांतून उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत भरला जाई आणि मुंबईच्या गोदीत जहाजावर चढे. गेज बदलायला नव्वदचे दशक उजाडले, तोवर मनमाडला ही उतरवाउतरवी चालूच होती. मुंबईकडून उलट दिशेने मीठ, रॉकेल, कापड आले आणि सुकी मासळी आली. मराठवाड्यातल्या आठवडी बाजारात सुकट आणि बोंबलाचे ढीग आजही लागतात. वलांडीवर वाळलेला हा बोंबील बहुतांशी खुल्या समुद्रातला असतो, बंदराच्या आतला नव्हे. तरीही समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाच्या ताटाचा संबंध त्या किनाऱ्याशी आहे, आणि बंदरात काय साचते हा फक्त मुंबईकरांचा प्रश्न उरत नाही.

स्वातंत्र्यानंतर कोळशाची जागा तेलाने घेतली. 1954 आणि 1955 साली तुर्भे-माहूलच्या किनाऱ्यावर दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, शेजारी खतांचा कारखाना आला, जवाहर द्वीपावर तेलवाहू जहाजे लागू लागली. साठच्या दशकापासून खाडीच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्टा रसायनांच्या कारखान्यांनी भरला. दारूखान्यात जुनी जहाजे तोडली जाऊ लागली; तोडलेल्या जहाजातून तेल, रंगाचे पोपडे, ॲस्बेस्टॉस आणि जुन्या विजेच्या सामानातले पीसीबी निघते. 26 मे 1989 रोजी समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. आणि या सर्व काळात वाढत्या महानगराचे सांडपाणी खाडीत येतच होते. ते सेंद्रिय द्रव्य या संयुगांना धरून ठेवणारा आणखी एक चिकट थर बनत गेले.

काजळीने कर्करोग होतो हे माणसाला तोवर कळून चुकले होते. लंडनचा शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट याने 1775 मध्येच धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. 1915 मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने कोलतार चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखवला. 1933 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दोन टन डांबरातून बेन्झो(ए)पायरीन वेगळे काढले. मुंबईतही परळच्या टाटा रुग्णालयात, 1941 नंतर, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी माणसाच्या सवयी आणि कर्करोग यांचे नाते उलगडायला सुरुवात केली; कमरेला धोतर घट्ट बांधल्याने होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची नोंद त्यांच्याच अभ्यासातली. रोग्याच्या अंगावर दिसणाऱ्या खुणेमागे त्याचे जगणे असते, हा विचार या शहरात रुजलेला होता.

माशांच्या बाबतीत तो विचार आधी दुसऱ्या बंदरांत लागू झाला. 1941 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या नद्यांतल्या कॅटफिशच्या ओठांवर आणि तोंडात गाठी असल्याचे ल्युके आणि श्लुंबर्गर यांनी नोंदवले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून सिएटलच्या आसपास पिजेट साउंड या आखातात डोनाल्ड मॅलिन्स, ब्रूस मॅकेन, मार्क मायर्स यांनी ‘इंग्लिश सोल’ हा तळाशी राहणारा चपटा मासा तपासायला घेतला. जिथे कारखाने आणि गोद्या, तिथल्या माशांच्या यकृतात गाठी. जिथे गाळ स्वच्छ, तिथे त्या जवळजवळ नाहीत. ईगल हार्बर या छोट्या बंदरात तर लाकडाला क्रिओसोट पाजण्याचा जुना कारखाना होता. तिथल्या गाळाचा अर्क निरोगी माशांना टोचल्यावर त्यांच्याही यकृतात कर्करोगापूर्वीचे बदल दिसले. नुसत्या योगायोगाची शंका तिथे संपली.

यकृतच का, याचे उत्तर माशाच्या शरीरातच आहे. लेपा किंवा सोल गाळातले किडे खातो, पीएएच पोटात जाते आणि यकृतात पोहोचते. यकृतातली विकरे त्याला पाण्यात विरघळणारे बनवून पित्तातून बाहेर टाकू पाहतात. या खटाटोपात मधल्या पायरीवर एक अतिशय चळवळे संयुग तयार होते आणि ते जाऊन डीएनएला चिकटते. पेशीची दुरुस्तीयंत्रणा पुरी पडली नाही तर चुकीची नक्कल पुढच्या पेशीत उतरते. प्रयोगशाळेत हे पाहण्याची रीत साधी आहे: यकृताचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, केसाहून बारीक काप काढायचा आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. निरोगी यकृतात पेशी एकसारख्या, ओळीने मांडलेल्या दिसतात. बाधित यकृतात एखादा पुंजका वेगळ्या रंगाचा दिसतो, पेशींचे आकार विसंगत होतात आणि ओळी मोडतात.

यातून खाणाऱ्यासाठीही एक महत्त्वाची गोष्ट निघते. मासा पीएएच बऱ्याच अंशी मोडून बाहेर टाकतो, त्यामुळे त्याच्या मांसात ते फारसे साठत नाही. हाल होतात ते माशाचे. कालवे, शिवल्या, तिसऱ्या यांच्याकडे ही सोय अपुरी असते. त्या पाणी गाळून खातात आणि त्यातले पीएएच अंगात साठवतात. पीसीबीचे उलट आहे: ती माशाच्या चरबीत साठतात आणि मोठ्या, म्हाताऱ्या, तेलकट माशात जास्त सापडतात. म्हणून ‘खाडीचे मासे खावेत की नाही’ या प्रश्नाला एक सरसकट उत्तर देता येत नाही. कोणता जीव, कुठला, किती वयाचा, हे विचारावे लागते. सरसकट भीतीने नुकसान होते ते बोटीवर पोट असलेल्या कोळ्याचे.

7 ऑगस्ट 2010 ला नेमके तेच झाले. ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली, शेकडो टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले. काही दिवस मासेमारी थांबली, लोकांनी मासे घेणे बंद केले, तिवरांच्या मुळांवर काळा थर चढला. काही आठवड्यांनी पाणी स्वच्छ दिसू लागले आणि बातम्या संपल्या. तेलाचा जो भाग गाळात गेला तो बातम्यांबरोबर संपला नाही. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी लढा दिला तो निराळ्या नुकसानीसाठी: न्हावा-शेव्याच्या बंदराच्या भरावाने भरती-ओहोटीच्या वाटा बुजल्या, तिवरे गेली, मासेमारीच्या जागा गेल्या. फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 1630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मासेमारीची जागा गेली तर ती मोजता येते. त्या जागेतल्या माशाचे आरोग्य मोजण्याची सवय मात्र आपण लावून घेतलेली नाही.

ती लावता येते, हे आपल्याच किनाऱ्यावर दिसले आहे. जहाजाच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे विषारी संयुग रंगात मिसळत. 1999 मध्ये गोव्यात मुरगाव बंदरातल्या ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या, कोकणाचेच नाव मिळालेल्या, समुद्री गोगलगायीत माद्यांना नराचे अवयव फुटल्याची नोंद झाली. कारण होता तो रंग. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुढे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गोगलगायींतला डीएनए तपासला, तेव्हा प्रदूषित जागी तो जास्त तुटलेला आढळला. जगभरातून असे पुरावे जमले, 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि सप्टेंबर 2008 पासून तो लागू झाला. एका गोगलगायीने दाखवलेली खूण जगाच्या जहाजरंगाचा नियम बदलायला कामी आली.

गाळ सुधारतो का? सुधारतो, पण कसा हाताळतो यावर ते अवलंबून असते. अमेरिकेत ओहायो राज्यात ब्लॅक नदीच्या मुखाशी पोलादाच्या कारखान्याची कोकभट्टी होती. 1982 मध्ये तिथल्या तीन-चार वर्षांच्या तपकिरी बुलहेडपैकी 39 टक्के माशांना यकृताचा कर्करोग होता. हा मासा आपल्या शिंगाळ्याच्या गोतातला. 1983 मध्ये भट्टी बंद पडली आणि 1987 पर्यंत प्रमाण 10 टक्क्यांवर आले. मग 1990 मध्ये सफाईसाठी नदीचा गाळ उपसला गेला. खालचा जुना, विषारी थर ढवळून वर आला आणि पुढची दोन-तीन वर्षे कर्करोग पुन्हा वाढला; त्यानंतरच तो खऱ्या अर्थाने घटला. ईगल हार्बरमध्ये 1993-94 साली उपसण्याऐवजी दूषित गाळावर स्वच्छ गाळाचा जाड थर पसरला आणि सोलची यकृते सावरली. बॉस्टनमध्ये सांडपाण्याची प्रक्रिया सुधारल्यावर तिथल्या फ्लाउंडर माशांतल्या गाठी नाहीशा झाल्या.

मुंबईसाठी हा धडा थेट लागू पडतो, कारण इथे गाळ सतत उपसला जातो. गोद्या बुजू नयेत म्हणून उपसा होतो, आणि न्हावा-शेव्याची वाट मोठ्या कंटेनर जहाजांसाठी गेल्या दशकात आणखी खोल झाली आहे. शिवडीच्या चिखलावरून जाणारा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. त्याचे खांबही याच थरांतून खाली गेले. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि 2022 पासून रामसर स्थळ आहे. फ्लेमिंगो चोच उलटी करून जे खातात ते याच चिखलावर वाढते. उपसा थांबवा असे कोणी म्हणणार नाही. पण उपसण्याआधी थर कापून तपासायचा, कोणता थर ढवळायचा नाही हे ठरवायचे, उपसलेला गाळ कुठे टाकला ते मच्छीमार संस्थांना सांगायचे, एवढे तर करता येते. गाळाची नळी कापून लेड-210 आणि सीझियम-137 मोजले की कोणता थर कोणत्या काळातला हेही कळते.

हाच प्रश्न लासूर स्टेशनच्या परिसरात वेगळ्या रूपात उभा आहे. शिवना पुढे गोदावरीला मिळते. छत्रपती संभाजीनगर आणि वाळूजचे सांडपाणी खाम नदीतून नाथसागराकडे जाते. 1976 पासून भरत आलेल्या या जलाशयाला भरती-ओहोटी नाही. आलेला गाळ तिथेच बसतो. तिथले रोहू, कटला, मरळ आसपासच्या बाजारांत विकले जातात. आणि 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली राज्यभरच्या तलावांतला गाळ शेतकरी ट्रॅक्टरने वाहून आपल्या रानात पसरतात. दुष्काळी भागात हे मोलाचे काम आहे, हलक्या जमिनीला त्याने जीव येतो. जिथे नाला फक्त शेतांतून येतो, तिथला गाळ बिनघोर टाकावा. जिथे वर कारखाने आहेत, तिथला गाळ टाकण्याआधी जड धातू आणि पीएएचसाठी एकदा तपासला पाहिजे. मातीपरीक्षणाच्या नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाशच्या कागदावर ही गोष्ट येत नाही.

मुंबईत या कामासाठी बाहेरून कोणाला बोलवायची गरज नाही. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, अंधेरीला समुद्रविज्ञान संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. शिवडी, माहूल, करंजा आणि तुलनेसाठी दूरची एखादी स्वच्छ खाडी, अशा चार जागा ठरवाव्यात. लेपा आणि शिंगाळा हे दोन मासे घ्यावेत, त्यांचे वय मोजावे, यकृताचे काप काढावेत आणि दरवर्षी एकाच महिन्यात ते पुन्हा काढावेत. जाळे टाकणारा कोळी या अभ्यासात मजूर म्हणून नव्हे, जागा आणि हंगाम सांगणारा जाणकार म्हणून असावा, आणि निष्कर्ष त्याच्या कोळीवाड्यात मराठीत पोहोचावा. पुढचा मोठा उपसा सुरू होण्याआधी निदान पहिल्या वर्षाचे आकडे हाती असले, तर उपशानंतर काय बदलले ते सांगता येईल.